कपाटातले गमबूट

सोमवार, ता. ९

ताई,

तुला नमस्कार, भाचीला आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. वॉकर धरून दारापर्यंत गेलीस असं भाचीनं कळवलं, ऐकून जिवात जीव आला. हे पत्र मात्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच.

आपल्या दूध कारखान्यात आता मोठी सुधारणा आहे बरं का. बाटल्या धुण्याच्या खोलीत खरखरीत फरशी बसवली. पाणी सांडलं की लगेच पुसायचं आणि प्रत्येकीला स्वतःचे गमबूट. तुझं खुब्याचं हाड मोडल्यावर मेल्यांना अक्कल सुचली.

बघ, पुन्हा त्यांच्यावरच ढकलतेय.

माझे गमबूट झिजले आणि नवे मागायला मी मुकादमाला घाबरले, तेव्हा तू म्हणालीस, माझेच घाल. मी सकाळपाळीला, तू दुपारपाळीला, आणि मापही एकच. माझी पाळी सुटली की नळावर धुऊन तुझ्या हातात द्यायचे, एवढंच माझं काम होतं.

ते तरी कुठे धड केलं? तू पडलीस त्याच्या आदल्या दिवशी तू चारचौघींसमोर बूट उलटे करून दाखवलेस. "खाचांत साबण तसाच आहे. ब्रशनं काढत जा. आणि क्रेट घेऊन पळू नकोस, एक दिवस तोंडावर आपटशील." सगळ्या हसल्या. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी नळावर थांबलेच नाही. बूट माझ्या कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि घरी निघाले. म्हटलं, कळू दे हिला एक दिवस. वाटेत दोनदा थांबले, पण परत फिरले नाही. तू चपला घालून आत गेलीस.

साहेब दवाखान्यात चौकशीला आले. बूट कुठे होते, विचारलं. मी तुझ्या खाटेच्या पायथ्याशीच उभी होते.

"घरी विसरले," तू म्हणालीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

चूक कामगाराची, असं त्यांनी लिहून घेतलं. तुझी एकवीस वर्षांची नोकरी गेली आणि मी गप्प राहिले.

आज साहेबांना सगळं खरं सांगून आले. बघू, म्हणाले. माझं काय व्हायचं ते होऊ दे. तू एकदा रागावली असतीस ना, तर मला रडता तरी आलं असतं गं.

तुझे बूट मी रोज धुते, खाचा ब्रशनं साफ करते. घालत नाही. कपाटाला आता कुलूपही लावत नाही.

तुझ्याच मापाच्या पायांची,
धाकटी