लोक आणि टोळीवाले

आई, तुझं पुस्तक येतंय. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि इथे जपानात त्सुकुबाला संशोधन संस्थेतली नोकरी सांभाळत, रविवार-रविवार करून मी तुझ्या वह्या टाइप केल्या. टेक्सासातले मूळचे 'रेड इंडियन' कोमांची आणि त्यांच्या माळरानावर घरं बांधायला आलेले गोरे, यांच्या लढायांचा तो इतिहास तू मराठीत आणत होतीस तेव्हा मी दहाची होते. तू ओट्याशी उभी आहेस, एका हाताने पोळी उलटतेयस, वहीच्या कोपऱ्याला कणीक लागलीय. कोमांचींनी जाळलेलं घर आणि उचलून नेलेली मुलं लिहिलीस त्या दिवशी तू जेवली नाहीस. गोऱ्यांनी पहाटे छावणीवर तुटून पडून बायकामुलांना गोळ्या घातल्या, ते लिहिलंस त्या दिवशीही नाही. बाबा म्हणाले, "अगं, कधीच मेलेत ते सगळे." तू नुसतं ताट सरकवलंस. मी मात्र वहीत डोकावून शहाणपणा केला, "आई, कोमांची टोळी लिही ना. 'कोमांची लोक' काय?" तू उखडलीस. "टोळी दरोडेखोरांची असते. इथे कोण कुणाच्या घरात घुसलं ते आधी वाच, मग मला शिकव." मी मोरीत जाऊन रडले होते.

गेल्या आठवड्यात संपादकांची मेल आली. 'लोक म्हटलं की वाचकाला ते आपले वाटतात. कोमांची टोळीवाले करा, रंगत येईल. नाहीतर आम्हाला जमणार नाही.' याआधी तिघा प्रकाशकांनी वह्या परत केल्या होत्या. मी भांडायला हवं होतं. पण मला तुझं नाव छापलेलं बघायचं होतं गं. मुकाट्याने कॉम्प्युटरला सांगितलं, 'लोक' असेल तिथे 'टोळीवाले' कर. लोकांनी, लोकांना, लोकांचे, सगळी रूपं पाळीपाळीने घातली. लेक शेजारी कांजी, शाळेतली जपानी अक्षरं, गिरवत होती. संपादकांनी पाठवलेल्या मुखपृष्ठावरचे कोमांची घोडेस्वार बघून म्हणाली, "ममा, आर दे इंडियन? लाइक अस?" तिला मराठी वाचता येत नाही, तुझं पुस्तक ती कधीच वाचणार नाही. मी म्हटलं, "नाही गं, ते वेगळे." किती पटकन आलं तोंडात.

मग वाचायला बसले तर काय, मशीनने कुणालाच सोडलं नव्हतं. गोरे लोकही टोळीवाले झाले होते. 'गोऱ्या टोळीवाल्यांनी पहाटे छावणीला वेढा घातला. मुलं झोपेत होती.' क्षणभर हसूच आलं. वाटलं, तू खूश झाली असतीस. ते तसंच ठेवायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि आता ते कधी येईल असंही वाटत नाही.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. दुपारभर बसून मी एकेक जागा शोधली आणि गोऱ्यांना त्यांचं 'लोक' परत दिलं. स्वतःच्या हाताने. कोमांचींना नाही दिलं.