साळिंदर कुणाबरोबर राहतं?

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा त्या निमित्तानं मला तिकडे बोलावता येणार नाही.

तू लिहितेस, 'पुस्तक वाचलं. शेवटी तुलाही उमगलं म्हणायचं. मागची खोली रिकामी करून ठेवते.' खोली भरून टाक, ताई. पुस्तकाचा शेवट ही छापण्यातली चूक आहे.

मी लिहिलं होतं, 'सशाला घरी पोचवून साळिंदर बिळात परतलं आणि सुखानं एकटं राहू लागलं.' छापून आलं, 'सुखानं एकत्र राहू लागलं.' कुणाबरोबर? स्वतःच्या काट्यांबरोबर? एका सात वर्षांच्या मुलीनं पत्र पाठवून हेच विचारलंय. मोठ्यांपैकी कुणालाच काही खटकलं नाही; तुझ्यासकट.

प्रकाशक तर खूश. "बाई, चूक पथ्यावर पडली. आयांना शेवट फार आवडलाय. दुसऱ्या आवृत्तीत ससा परत आणू."

म्हटलं, "आणा. आणि चित्रात त्याला काट्यांवर निजवा."

शब्द दुरुस्त होणार नसेल तर आवृत्तीच काढू नका, असं सांगून मी उठले. बारा वर्षांनी माझ्या एखाद्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती, हेही तुला सांगून ठेवते.

कोपऱ्यात मुद्रितशोधक बसले होते. चूक त्यांचीच. मान वर न करता म्हणाले, "साळिंदर एकटं आहे, बिचारं नाही. मूळ शब्द येणार नसेल तर यापुढची प्रूफं दुसऱ्या कुणाला द्या." त्या कचेरीत तीस वर्षांत ते एवढं बोलले नव्हते म्हणे. शब्द परत आला.

दुसऱ्या दिवशी ते घरी माफी मागायला आले. गुरुवार होता. पुढच्या गुरुवारीही आले. थोडी माफी उरली होती. ती संपूनही आता दोन महिने झाले. ते खिडकीशी प्रूफं वाचतात, मी टेबलाशी लिहिते. कुणी बोलत नाही. सहाला आपला कप विसळून ते स्वतःच्या घरी जातात. मी दार लावते आणि मला हायसं वाटतं. बुधवारी मात्र दुसरी खुर्ची पुसून ठेवते. यात हसण्यासारखं काही नाही.

तर राहायला मी येत नाही. दया येऊन बोलावलंस तर मुळीच नाही. भांडायला बोलाव, मे महिन्यात येईन. शुक्रवारी पोचेन, मंगळवारी निघेन.

तुझी धाकटी,
एकटी

ता. क. वरचा शब्द तपासून घेतला आहे. त्यांच्याचकडून.