सहा पंखे आणि रॅमची आवक

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आमच्या हिला, रंजनाला, भिशी लागली. अल्बम डिझाइनचा कोर्स तिने उन्हाळ्यातच केलाय. फोटो स्टुडिओवाले मोतीलालशेठ म्हणालेत, तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, घरी कॉम्प्युटर असेल तर लग्नांचे अल्बम तुम्हालाच. ती म्हणाली, "तयारच ली लेऊ, माले काम करनं शे."
मी हसलो. तयार कॉम्प्युटर घेणं म्हणजे पुडीतलं तिखट घेणं. आपण नंदुरबारची माणसं, मिरची निवडून, देठ खुडून, कांडून आणणारी. सुटे पार्ट घेऊन मी स्वतः जुळवणार. कमी पैशात राजेशाही मशीन. जबाबदारी घेतली.
संकल्प: ही रोजनिशी रोज लिहिणे.

६ ऑक्टोबर, सोमवार
अभ्यास जोरात. पतसंस्थेत काउंटरवर बसून दिवसभर व्हिडिओ पाहिले. कामाचा खोळंबा अजिबात नाही. एका ठेवीदाराला तेवढं दोनदा चहा पिऊन या म्हणावं लागलं. प्रोसेसर म्हणजे काय ते कळलं. मदरबोर्ड उद्या कळेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार
स्टेशन रोडच्या दुकानदाराने रॅम दाखवली. म्हणाला, "आजच लई ल्या, भाव वर जाई ऱ्हायना." मी त्याला पुरता ओळखून आहे. दसरा-दिवाळीला मिरचीचाही भाव असाच चढा असतो. मग मार्केटमध्ये गाड्यांची रांग लागते, आवक वाढते आणि भाव आपटतो. दिवाळीआधी रॅम घेणारा येडा.
रंजनाला हे समजावलं. ती म्हणाली, "रॅम काय वावरमा पिकस का?" बायकांना बाजार कळत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
सुरतला जाऊन आलो. काय बाजार, काय भाव! कॅबिनेट घेतलं, एका बाजूने काच, आणि सहा पंखे. तीन हवा आत ओढणार, तीन बाहेर फेकणार. सगळ्यांत रंगीत लाइट. व्हिडिओवाले सांगतात, बजेटमध्ये दोन पंखे पुरे. त्यांनी आमचा मे महिना पाहिलेला नाही.
दुकानदार पंख्यांपुढे बसवायची धुळीची जाळी गळ्यात मारत होता. तिचे पैसे वेगळे. हवा अडवणारी वस्तू पैसे देऊन कोण घेतो? सरळ नाही म्हणालो. अशीच बचत होत असते.
परत येताना गाडीत कॅबिनेट मांडीवर होतं. नवापूरपर्यंत पाय बधिर. पण शेजारच्याने दोनदा विचारलं, काय आहे. सांगितलं. खूश झाला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन
कॅबिनेटची पूजा केली. आत अजून काही नाही, पण लक्ष्मी भाव बघते. हळदकुंकू, झेंडू, सगळं यथासांग. पाटावर जागा कमी पडली म्हणून रंजनाने लाह्या-बत्ताशांचं ताट कॅबिनेटच्या आत ठेवलं. मावलं. ऐसपैस कॅबिनेट घेतल्याचं समाधान वाटलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
प्रोसेसर, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आले. सगळे परवडणारे. मॉनिटर पतसंस्थेतल्या पितांबरने जुना दिला, एका कोपऱ्यात जरा पिवळा दिसतो.
रॅमचा भाव जवळजवळ दुप्पट झालाय. उत्तम. पडण्याआधी भाव असाच चढतो.

३ नोव्हेंबर, सोमवार
तुळशीचं लग्न काल लागलं. मोतीलालशेठचा फोन आला, रंजना बाहेर जाऊन बोलली. मग आत येऊन तिने एकदाच विचारलं, कधी. मी म्हणालो, आवक होऊ दे. ती भांडी घासायला लागली. विश्वास असावा तर असा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
रॅम आणखी चढली. हे काही मोठ्या कंपन्यांचं राजकारण आहे, त्यात माझा अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही. शिवाय पंख्यांमुळे बजेट थोडं खेचलं गेलंय. स्टेशन रोडच्या दुकानदाराकडून सर्वांत लहान रॅम घेतली, तीही वापरलेली. तात्पुरती. भाव पडला की मोठी.
संध्याकाळी मशीन जुळवलं आणि पहिल्या बटणाला चालू झालं. सहाही पंखे फिरले. खोलीत लाल, निळा, हिरवा उजेड. मी टाळ्या वाजवल्या, रंजनानेही वाजवल्या. खरंच आनंद झाला, आयुष्यात एवढा क्वचित झालाय. शेजारचे जब्बारभाई भिंतीपलीकडून म्हणाले, "रतिभाऊ, हाई कॉम्प्युटर शे का चक्की? दळन कधी आनू?" माणूस जळतो.

१० नोव्हेंबर, सोमवार
मोतीलालशेठनी पहिलं लग्न दिलं. पेन ड्राइव्ह भरून फोटो. रंजनाने सकाळी नवरीचा फोटो उघडला. फोटो वरून खाली उघडतो. आधी मांडवाची झालर आली. मग बाशिंग. जेवायच्या वेळेपर्यंत नवरीच्या भुवया आल्या. चेहरा येणार तेवढ्यात सॉफ्टवेअर बंद पडलं. पण जेवढं दिसलं तेवढं फार स्वच्छ दिसलं. आणि मशीन जराही तापलं नव्हतं. हात लावून पाहिला, थंडगार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जब्बारभाईंच्या वाळवणाच्या पथारीवर मिरची पडली. आमच्या खिडकीपासून पार रस्त्यापर्यंत लालच लाल. दरवर्षीच वाळत घालतात, आम्ही खिडकी लावून घेतो, एवढा काय तो त्रास. पण कॅबिनेटसाठी हवेशीर म्हणून मी तीच जागा निवडली होती आणि खिडकी उघडी ठेवली होती.
तीन पंख्यांनी ओढलं, तीन पंख्यांनी फेकलं.
मला सलग शिंका. रंजनाचे डोळे सुजले. नेमके तेव्हाच मोतीलालशेठ काम बघायला आले. दारातच शिंकले, आत येऊन शिंकले, खुर्चीवर बसून शिंकले. मग रुमालातूनच म्हणाले, "सोमवारी अल्बम नही भेटना ते नवरीना बाप मन्हा दुकानमा येई बठी." आणि दुसरं काम देण्याचं नंतर बघू, असंही म्हणाले.
मी खिडकी लावली, पण तोवर कॅबिनेटमध्ये तिखट भरलं होतं. फेकणारे तीन पंखे बंद करायला गेलो. सहाही एकाच वायरीवर आहेत. स्वस्त पडतात म्हणून तशी घेतली होती. मी मशीन जाड चादरीत गुंडाळावं असं सुचवलं. रंजनाने डोळ्यांवर पाणी मारलं, पेन ड्राइव्ह काढला, पदराच्या गाठीत बांधला आणि जब्बारभाईंकडे गेली. त्यांची सून गजाला, तिच्याकडे ऑफिसातून आलेला जुना कॉम्प्युटर आहे, नुसता काळा डबा. त्याला एकच पंखा, तोही दिसत नाही.
मला वाईट वाटलं. भिशी तिची होती.
पण सध्या रंजनाचा सराव होईल. तेही हवंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
अल्बम वेळेत गेला. नवरी सुंदर आहे, पूर्ण चेहरा मी आज पाहिला. मोतीलालशेठनी आणखी दोन लग्नं दिली. माझ्या मार्गदर्शनाचं चीज झालं.
संकल्प: धुळीच्या जाळीची चौकशी करणे.

२३ नोव्हेंबर, रविवार
रंजना म्हणाली, चला, दुकानात जायचंय, गाडी काढा. दुसरा कॉम्प्युटर घेते. पैसे अल्बमचे आणि थोडे गजालाकडून उसने. मी लगेच तयार झालो. दोन महिन्यांचा अनुभव कामी यायचा दिवस. वाटेत तिला प्रोसेसरच्या पिढ्या समजावल्या. दुकानदाराला काय विचारायचं तेही मनात जुळवून ठेवलं. जुना माल आहे का, वॉरंटी कोणाची, आणि रॅम. रॅमवर तर त्याला मी सोडणारच नव्हतो.
दुकानापुढे जागा नव्हती. रंजना उतरली. मी गाडी दोन गल्ल्या पुढे लावली आणि घाम पुसत परत आलो, तर ती खोकं घेऊन पायरीवर उभी होती. पैसे दिले, घेतला. झालं.
मी विचारलं, रॅम किती? तिने सांगितलं. चांगली होती. भावही बरा पडला होता. माझे प्रश्न तसेच राहिले.
घरी येऊन तिने आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, तो लावला. काळा, बुटका, काच नाही, लाइट नाही. फोटो उघडला, अख्खी नवरी एकदम आली. मी कान लावून बघितलं, चालू आहे की नाही तेच कळेना. मी म्हणालो, हा तर काहीच बोलत नाही.
रंजना मान वर न करता म्हणाली, "म्हनूनच लिधा."