उतारावर व्याह्यांनी ओढलेला गिअर

प्रति,
मा. विकास अधिकारी साहेब,
विकास गट कचेरी, जिल्हा वर्धा

विषय : जीप बैलांकडून ओढून नेताना गिअरपेटी फुटल्याचा ठपका काढून अर्जदारास पुन्हा गाडीवर घेण्याबाबत.

संदर्भ : अर्जदारास घरी बसविणारा आपला गेल्या महिन्याचा हुकूम.

महोदय,

अर्जदार रूपराव भोयर हा आपल्या कचेरीचा ड्रायव्हर असून, गाडीशिवाय त्यास दुसरे काही येत नाही व करावेसेही वाटत नाही. घडले ते तो जसेच्या तसे मांडत आहे.

कारंजा (घाडगे) कडून परतताना जीपचा पाण्याचा पंप फुटला. पाण्यावाचून इंजन चालविणे म्हणजे ते जाळणेच होते. जवळच्या गावी अर्जदाराची मुलगी नलू दिलेली आहे. सबब तिचे सासरे, म्हणजे अर्जदाराचे व्याही श्री. अण्णाजी, यांची बैलजोडी मागविली. अण्णाजी स्वतः बैल घेऊन आले. मागोमाग नलू पाणी घेऊन आली. अर्जदाराने दोर पुढच्या चासीला बांधला. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये टाकला, म्हणजे चाके फिरली तरी गिअरच्या दातांवर जोर येऊ नये. पल्ला लांबचा असता तर गिअरपेटी चाकांना जोडणारा मागचा शाफ्टच उतरविला असता. पण गाव समोर दिसत होते.

आता बैलांपुढे कोणी चालायचे आणि गाडीत कोणी बसायचे? मुलीच्या सासऱ्याला धुळीत चालवून मुलीच्या बापाने गादीवर बसावे, हे साहेब, आमच्याकडे होत नाही. अर्जदाराने व्याह्यांना स्टेअरिंगवर बसविले, स्वतः कासरा धरला आणि हात जोडून सांगितले, "अण्णाजी, दांड्याले हात नका लावू. उतार आला का पायानं ब्रेक दाबजा." नलू शेजारीच उभी होती. अण्णाजी "बरं बरं" म्हणाले आणि चांगली मांडी ठोकून बसले. पाय खाली सोडा, असे व्याह्यांना कोणत्या तोंडाने सांगावे!

नाल्याच्या उतारावर जीप बैलांच्या खुरांवर जाऊ लागली. अण्णाजींचे पाय मांडीत अडकलेले. बैलांवर त्यांचा जीव. घाबरून त्यांनी गिअरचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. असा खडखडाट झाला की बैलसुद्धा थबकले. त्यांना ओरखडा नाही, पण गिअरपेटीच्या दातांचा पार भुगा झाला. मुकी जनावरे वाचली याचा अर्जदारास राग नाही, खरोखर नाही.

राग याचा की, चौकशीत त्याच अण्णाजींनी आपणापुढे छातीठोकपणे सांगितले, "रूपरावनंच म्हटलं, उतारावर दांडा ओढजा. मले काय समजते मोटारीतलं?" ज्यांचे मांडवात पाय धुतले, त्यांनी भर कचेरीत धडधडीत खोटे बोलावे! हद्द झाली साहेब!

म्हणून अर्जदाराने नलूस साक्षीला बोलवा, अशी विनंती केली. पोटची पोर, ती तरी खरे बोलेल. ती आली, सासऱ्यांच्या मागे उभी राहिली आणि पदर सावरत म्हणाली, "मले काई ऐकू नाई आलं." जाताना वाकून अर्जदाराच्या पायाला हात लावून हळूच म्हणाली, "बाबा, मले तिथंच राहाचं आहे." अर्जदाराच्या काळजाला घरे पडली. तिला बोल लावावा तरी कसा?

आता अण्णाजींचा निरोप आला आहे की, रूपराव आपली चूक कबूल करीत नाही तोवर सून संक्रांतीला माहेरी येणार नाही. नलूची आई निरोप ऐकल्यापासून चुलीपुढे बसून आहे.

सबब नलूस किंवा अण्णाजींस पुन्हा साक्षीला बोलावू नये. साक्षीदारावाचून अर्जदाराचे म्हणणे कायद्यात बसत असेल तर त्यास गाडीवर घ्यावे. बसत नसेल, तर अर्जदार याद्वारे लिहून देतो की, उतारावर दांडा ओढा असे अण्णाजींना त्यानेच सांगितले होते.

वरची कबुली तेवढी अण्णाजींस वाचून दाखवावी. बाकीचा अर्ज साहेबांनी आपल्याजवळ ठेवावा.

आपल्या हुकुमाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र
रूपराव भोयर, ड्रायव्हर

दि. ६ जानेवारी १९५८