तुला मानवलेली गोळी

प्रिय बॉबिन,

दोनदा तुझ्या दारावरून परत आले. आत पंख्याचा आवाज येत होता, म्हणजे तू घरातच होतीस. फोन तर तू उचलतच नाहीस. म्हणून हे पत्र. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण लावून वाच.

आमचं बरं चाललंय म्हणायचं. नातवंडं माझ्याकडेच असतात. धाकट्याला आईच्या उशीशिवाय झोप येत नाही. थोरली शाळेतून आली की विचारते, बॉबिनमावशी का येत नाही? मी सांगते, काम फार आहे. पोरगी दप्तर टाकते आणि खिडकीत जाऊन बसते. जावई जेवतो, कामाला जातो. मला रडू येतं ते भांडी घासताना. नळ चालू असला की कुणाला ऐकू जात नाही.

तुमच्या कारखान्यातल्या शिवणखात्याची रीतच होती, कामावरून एकमेकींना बॉबिन, काजवाली अशी नावं पाडायची आणि एकीचं ते सगळ्यांचं. कात्री, सुया, बाम, आणि कापणीच्या टेबलाखालचा तो पत्र्याचा डबा. जिला जी गोळी लागू पडली तिने उरलेल्या त्यात टाकायच्या, दुसरीला तोच त्रास झाला की तिने त्यातून घ्यायच्या. माझी लेक हसून सांगायची, आमचा डॉक्टर टेबलाखाली राहतो. तिची पाठोपाठ दोन बाळंतपणं झालेली, तिसरं मूल नको होतं, आणि दवाखान्यात जायची लाज वाटत होती. तुला ती पाळणा लांबवायची गोळी छान मानवलेली. तू मायेने तुझंच पाकीट तिच्या हातात ठेवलंस. आतला माहितीचा कागद उलगडून दोघी हसलात म्हणे, एवढ्यात तर बाळाचं झबलं बेतता येईल! वाचला मात्र कुणीच नाही.

मग तिची पोटरी दुखायला लागली, एकाच पायाची. सूजही आली. सगळ्यांनी मशीनच्या पायडलवर खापर फोडलं, मीही तेल चोळून दिलं. पुढच्याच आठवड्यात कामावरून येताना तिला धाप लागली, ती पायरीवर बसली ती उठलीच नाही. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

त्यांच्याकडे मी नंतर पुन्हा गेले. खोटं कशाला बोलू, तुझ्यावरच्या रागानेच गेले. कुणीतरी म्हणावं की हे त्या बॉबिननेच केलं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. ही गोळी पुष्कळ बायकांना सोसते, म्हणाल्या. कुणाला मळमळतं, कुणाचं डोकं दुखतं, तेही बहुधा हळूहळू कमी होतं. गुठळी क्वचितच होते. पण रक्तदाब, अर्धशिशी, सिगारेट, घरात कुणाला गुठळीचा त्रास, हे सगळं गोळी देण्याआधी विचारावं लागतं. डबा कुठला विचारायला! माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर अशीच गुठळी झाली होती. ते तुला कुठून ठाऊक असणार? घरी येईपर्यंत माझा राग उतरला होता. दुःख काही उतरलं नाही.

काल तुमची काजवाली आली होती. म्हणाली, हल्ली तुझं अर्धं डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं, बोटं बधिर होतात, तरी तू रोज त्याच गोळ्या गिळतेस. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणालीस, तिला दिल्या, आता माझंही व्हायचं ते होऊ दे. आज सकाळीच डॉक्टरीणबाईंना विचारून आले. अशा बाईने ही गोळी आजपासून बंद करायची आणि लगेच येऊन दाखवायचं, दिवस राहू नयेत म्हणून दुसरे उपाय आहेत, असं त्यांनी बजावलंय. अशी फेड मला नको, बॉबिन. तू गेलीस तर माझ्या दोन लेकी गेल्या. पत्र घेऊन आलेली काजवाली तुझ्या दारात उभी आहे आणि मी खाली गाडीत बसले आहे. तिसऱ्यांदा जिना चढायची ताकद नाही माझ्यात. दार उघड, चपला घाल आणि खाली ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
मावशी