शेवटच्या ओळीतला चौथा चौकोन

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. तुझं पोस्टकार्ड पोचलं. तीन वर्षांत तीन ओळी, म्हणजे वर्षाला एक. पण अक्षर तेच, आणि शेवटचा शब्द तसाच कोपऱ्यात कोंबलेला. चिमीला दिवस गेलेत, पुढच्या महिनाअखेरीला ती बाळंत होणार, हे वाचून मी एवढ्याने ओरडले की हे अर्धी दाढी सोडून बाहेर आले. तुझी लेक आई होणार! तिला म्हणावं, पाय वर घेऊन बसत जा, आणि आजी होणाऱ्यांच्या सूचना एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत जा.

आमच्याकडचं विचारशील तर आम्ही स्वयंपाकघराचं काम काढलंय. खरं तर भिंतीतलं एक कपाट निखळलं होतं, तेवढंच बसवायला सुतार बोलावला. त्याने इथे ठोकलं, तिथे ठोकलं आणि म्हणाला, "काकू, मागची भिंतच ओली आहे." मग नळवाला आला, त्याने जमीन उकरली. आता ओटा नाही, नळ नाही, भिंतीचं प्लास्टरही नाही. शेगडी शिवणाच्या टेबलावर आली आणि शिवण पलंगावर गेलं. सामान भरताना मी प्रत्येक डब्याच्या झाकणावर नाव लिहिलं होतं. ह्यांनी डबे पुसले आणि झाकणं लावली, पण ज्याची त्याला नाही. काल मिठाच्या डब्यात टाचण्या निघाल्या. मीठ अजून सापडलेलं नाही. आज चहात दोरा होता.

गोधड्या मात्र थांबवलेल्या नाहीत. किती चालू आहेत ते विचारू नकोस. शेजारणीच्या नातवाची, वाचनालयातल्या बाईंची, ह्यांच्या मित्राची, आमची एक, आणि पाचवी कुणाची ते मला आठवतच नाही. एक ना धड भाराभर चिंध्या! झोपायचं तर आधी पाच ढीग उचलावे लागतात, आणि उचलले की कुठला तुकडा कुठल्या ढिगातला ते कळत नाही. सकाळी शेजारणीच्या पिवळ्या चौकोनाला वाचनालयाची हिरवी पट्टी जोडून बसले होते. हे म्हणाले, "आता नातवाला पुस्तकंच वाचावी लागणार." मला हसावं की रडावं कळेना.

तू विचारलंयस ते बघते. सध्या काही सापडत नाही गं, सगळं खोक्यांत आहे.

चिमीला खूप आशीर्वाद.

तुझी,
धाकटी


बुधवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "मी गोधडीचं विचारलं होतं, ओट्याचं नाही." ह्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग पेपर उघडून बसले.

बरोबर आहे तुझं. मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. आईची गोधडी खोक्यात नाही. झोपायच्या खोलीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, चादरीत गुंडाळून ठेवली आहे. मला ती रोज दिसते. बाबांच्या कामावरच्या निळ्या शर्टांचे आणि जुन्या पांढऱ्या चादरींचे तिचे ते त्रेसष्ट चौकोन, प्रत्येक तिरका अर्धा निळा, अर्धा पांढरा. आई गेल्यावर तुझ्या घरून नेली तेव्हा मी म्हटलं होतं, नुसतं अस्तर लावून वरून टाके घालायचे आहेत, महिन्यात पुरी करते. ती पुरी झालेली नाही.

का, ते मला धड सांगता येत नाही. म्हणजे येतं, पण कुठून सुरू करू ते कळत नाही. मध्ये दुसऱ्यांच्या पंधरा-वीस गोधड्या करून झाल्या. तिला हात घालायचा म्हटलं की मला कुणाची तरी नवी गोधडी घ्यावीशी वाटते. ह्यांनी तर सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय की आमच्या घरी 'नाही' हा शब्दच शिवलेला नाही.

उद्या भिंतीच्या टाइल्स लागतील. अर्ध्या निळ्या, अर्ध्या पांढऱ्या, तिरक्या रेघेच्या घेतल्या. दुकानात दीडशे प्रकार होते आणि माझा हात त्याच टाइल्सकडे गेला. घरी आणून बघितल्यावर मला कळलं मी काय आणलंय.

आज एवढंच. सुतार हाक मारतोय, कपाटाचं दार उजवीकडे उघडायचं की डावीकडे म्हणून. तेही मला ठरवता येत नाहीये.

धाकटी


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. काल जे झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

तुला माहीत आहे, कुठलीही गोधडी हातात घेतली की मी आधी कागदावर तिचा नकाशा काढते. चौकोन न् चौकोन रंगवते आणि जिथे चूक असेल तिथे पेन्सिलने गोल करते. आईच्या गोधडीचाही काढला होता. काल सकाळी बाहेर जाताना मी ह्यांना सांगितलं, दुकानातून आणलेला टाइल्सचा कागद कपाटावर आहे, तो फरशीवाल्याला द्या. ह्यांनी कपाटावरचा कागद दिला. फक्त कपाट दुसरं.

मी परत आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि भिंत पूर्ण झाली होती. आडव्या सात, उभ्या नऊ. पिशवी हातात तशीच धरून मी उभी राहिले. आईची गोधडी कुणीतरी धुऊन भिंतीवर वाळत घातली आहे असं वाटलं. आणि शेवटच्या ओळीत, नळाच्या वर, चौथी टाइल उलटी. बाकी सगळ्यांत निळा खाली, हिच्यात वर.

फरशीवाला हात पुसत म्हणाला, "काकू, ही मलाही चुकल्यासारखी वाटली. पण तुमच्या कागदावर तशीच आहे, आणि वर गोल केलाय. म्हटलं, मुद्दाम असणार."

मी त्या टाइलकडेच बघत होते. त्याला वाटलं मी चिडले. "काढायची असेल तर चारच्या आत सांगा. तोवर ओली आहे. मग फोडावी लागेल."

ताई, तो चौकोन तुला आठवतो ना? मी गोधडी घरी आणली, तो बघितला आणि तुला फोन केला. "तुला सुई धरता येत नाही, मग आईच्या कामात हात कशाला घातलास?" असं म्हणाले. टाके एक लांब, एक आखूड, कापड उलटं. माझी खात्रीच होती, ते तुझंच काम. तू म्हणालीस, "आहे तसा राहू दे." मी म्हटलं, तू नीट लक्ष दिलं असतंस तर हे झालंच नसतं. तेव्हा तू म्हणालीस, "रविवारची पाहुणी तू, उंटावरून शेळ्या हाकू नकोस." आणि फोन ठेवलास.

त्यानंतरचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. मी रागाने कात्री घेतली आणि तो चौकोन उसवायला बसले.

तू शिवतेस तेव्हा दोऱ्याला वाटाण्याएवढी गाठ मारतेस. आई कधीच गाठ मारायची नाही. गाठ झोपणाऱ्याला टोचते म्हणायची, आणि एकाच जागी तीन बारीक टाके घालून सुरुवात करायची. मी गाठ शोधत होते. गाठ नव्हती. तीन टाके होते, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले, पण तीन. मला तिथेच कळलं, ताई. पहिल्याच कोपऱ्यात कळलं. आणि तरी मी चारही बाजू उसवल्या. का, ते मला आजही कळत नाही. तू बरोबर होतीस हे कबूल करण्यापेक्षा मला उसवणं सोपं वाटलं असेल.

रविवारी मी यायचे तेव्हा आई काम चादरीखाली सारायची आणि म्हणायची, "झालं की बघ." मला वाटायचं, मला चकित करायचंय तिला. तिला दिसत नव्हतं, हो ना? बोटंही ऐकत नव्हती. तिने तुला शपथ घातली असणार, धाकटीला सांगू नकोस म्हणून. आणि मी एवढं बोलल्यावरही तू ती मोडली नाहीस.

तिथे आता भोक आहे. चौकोन टाचण्यांनी नुसता अडकवून ठेवलाय. तो उलटा धरून मी सात वेळा शिवला आणि सातही वेळा काढला. माझा टाका सरळच पडतो. सरळ टाक्यांनी शिवलेली ती चूक बघवत नाही, नक्कल केल्यासारखी दिसते. म्हणून गोधडी राहिली. खोक्यांमुळे नाही.

काल पावणेचार वाजता फरशीवाला दारात आला. "काय करू?" मी म्हटलं, राहू द्या, मुद्दामच आहे. एकदा उसवलं तेवढं पुरे. ह्यांना कळेना मी का रडतेय. कागदाची अदलाबदल झाली म्हणून रडतेय समजून बिचारे तीनदा माफी मागून गेले. आज त्यांनाही सगळं सांगणार आहे.

आता मागणं. तू इकडे ये. चिमीला महिना-दीड महिना आहे, दोन दिवस निघू शकशील. गोधडी पोस्टाने पाठवता येईल, पण तो चौकोन तुझ्या हातून लागायला हवा. तुझा टाका वाकडा पडतो, एक लांब, एक आखूड. जे तुला टोचून बोलले, तेच आज मागतेय. अस्तर आणि बाकीचं मी आठवड्यात उरकते, ह्या वेळी खरंच. बाळाने पणजीच्या हातचं पांघरायला हवं, आणि त्यात एक चौकोन उलटा हवा.

यायचं नसेल तर तसं लिही. मला राग यायचा हक्क नाही. पण मी वाट बघेन, ते काही माझ्या हातात नाही.

बसायला जागा नाही, खोकी बाजूला करून करू. मीठ सापडलं, बटणांच्या डब्यात होतं. कुठल्याही वारी ये. सुईत दोरा ओवून ठेवलाय. गाठ मारलेली नाही.

तुझी,
रविवारची पाहुणी