किल्ल्याच्या वाटेवरचा चौथरा

रत्नागिरी,
ता. ११ नोव्हेंबर १९३४

तीर्थस्वरूप गं. भा. मथुराआक्का यांसी, धाकटा काशीराम याचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण बोटी सुरू झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा मुंबईची माणसे बंदरावर उतरतात, हरिहरपंत खाणावळवाले त्यांना जेवू घालतात आणि मी त्यांना गाव दाखवतो. पेन्शन झाल्यावर मास्तरकी संपली असे वाटले होते. तसे काही झालेले नाही. आता वर्ग बसत नाही, माझ्यामागून चालत येतो, एवढाच फरक.

आधी थिबा राजाचा राजवाडा, मग दीपगृह, मग किल्ला आणि भगवतीचे देऊळ. राजवाड्यात सगळे सोने शोधतात. ब्रह्मदेशच्या राजाला या गावात तीस वर्षे अडकवून ठेवले, पण या वाड्यात तो जेमतेम पाच-सहा वर्षे राहिला, असे खरे सांगितले की माणसे हिरमुसतात. खरे सांगून मी दमलो आहे, आक्का.

आता कमळीचे. भागोजी तांडेल तिच्याशी पाट लावून दुसरा संसार मांडायला तयार आहे, असे तू लिहितेस. एडनला जावई तापाने गेला त्याला चार वर्षे झाली, पोर अवघी चोवीस वर्षांची, हे सगळे मला समजते. पाट लागताना मामाने पाठीशी उभे राहून हरकत नाही म्हणायचे, आणि तिला मामा मी एकटाच, हेही समजते. पण थोडी थांब. किल्ल्याच्या वाटेवर तो जुना जांभ्याचा चौथरा आहे ना, तिथे वीस जानेवारीला संगमरवरी पाटी बसायची आहे. सतीचा चौथरा म्हणून आता त्याची ख्याती झाली आहे, आणि ती सती आपल्या घराण्यातली, असे पाटीवर येणार आहे. हार मीच घालायचा. अशा वेळी त्याच घरात पाट लागला तर लोक काय म्हणतील, हे तूच बघ.

सौ. गंगाचा तुला नमस्कार. आहे तो लोभ माझ्या उशिरामुळे कमी होऊ नये.

तुझा,
काशीराम

•

नाटे,
ता. २६ नोव्हेंबर १९३४

चिरंजीव काशीराम यास मथुराआक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र कमळीनेच वाचून दाखवले आणि हेही तीच लिहिते आहे. माझ्या घरात दुसरे लिहिणारे कोण आहे? तूच तिला रत्नागिरीस ठेवून अक्षर शिकवलेस. तेव्हा तुझे शब्द तिच्या तोंडून ऐकले. लोक काय म्हणतील, इथे ती थांबली. मग पाणी पिऊन आली आणि पुढे वाचले.

काशा, तू कुठली सती घेऊन बसलास? आपल्या दर्यावर्दी माणसांत बायका जळायला लागल्या असत्या तर किनाऱ्यावर एक चूल पेटली नसती. इथे नवरा समुद्रावर जातो, येतो किंवा येत नाही. म्हणून तर पाट आहे. तुला ही सती कुणी सांगितली, ते आधी लिही.

भागोजी चांगला आहे. फार बोलत नाही. त्याच्या बाईला जाऊन दोन वर्षे झाली, एक लहान मुलगी आहे, ती रोज कमळीकडून वेणी घालून घेते. तो म्हणतो, माघ संपेपर्यंत थांबेन, मग गलबत घेऊन मलबारला जायचे आहे. त्याच्या बहिणीने जैतापूरची एक मुलगी बघून ठेवली आहे. तेव्हा तुझ्या पाटीसाठी आमचा पाट किती थांबवायचा, ते तू ठरव.

मी बरी आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण माणसे अजून ओळखता येतात. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. रागावले तरी माया पहिलीच आहे.

मथुरा

ता. क. मामा, आई सांगते तसे मी लिहिते. माझे म्हणणे तिने अजून विचारलेले नाही. तुम्हीही विचारले नाही. – कमळी

•

रत्नागिरी,
ता. १२ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप मथुराआक्कास काशीरामचा शि. सा. न. वि. वि.

तू विचारतेस म्हणून लिहितो. कमळीपुढे लिहायची लाज वाटते, पण वाचणार तीच आहे, त्याला इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाच दिवशी दोन बोटींची माणसे आली होती. दुसऱ्यांदा किल्ला चढताना मला दम लागला आणि मी त्या चौथऱ्याला टेकलो. मुंबईच्या एका गृहस्थांनी विचारले की हा सतीचा चौथरा का. तो कशाचा, हे मला ठाऊक नव्हते. नाही म्हटले असते तर मग कशाचा, हा प्रश्न आला असता, आणि बोलायला छातीत वारा नव्हता. मी हो म्हटले. बायका लगेच वाकून नमस्कार करू लागल्या. राजवाड्यापाशी जांभया देणारी माणसे तिथे गप्प उभी राहिली. पुढच्या खेपेस हरिहरपंतांनीच लोकांना आधी सांगून ठेवले की मास्तर सतीची हकिकत फार छान सांगतात.

मग एका वकिलाने विचारले की हे तुम्हाला कसे माहीत. मी म्हटले, ती आमच्याच घराण्यातली. सन कोणता विचारले, तर म्हटले फार जुना. इतके खोटे मी तीस वर्षांच्या मास्तरकीत बोललो नव्हतो. आता तिथे हळदकुंकू वाहतात, नवस बोलतात. पाटीचा दगड कोल्हापूरहून येऊन खाणावळीच्या पडवीत पडला आहे.

सौ. गंगा म्हणते की दगडाला घराण्याचे नाव द्यायला वेळ आहे आणि भाचीला उत्तर द्यायला नाही. तिचे बरोबर असेल. पण आक्का, या गावात मला लोक आत्ता कुठे मान देऊ लागले आहेत. तो सोडवत नाही. जैतापूरची मुलगी भागोजीने खुशाल करावी. कमळीला मी माझ्याकडे आणतो, मुलींच्या शाळेत काही जमते का बघतो. ही वाटही वाईट नाही.

राग धरू नये. मोठ्यांनी धाकट्यांचे पोटात घालावे, म्हणून मागतो.

काशीराम

•

नाटे,
ता. ३ जानेवारी १९३५

चि. काशास आक्काचे आशीर्वाद.

खोटे बोललास आणि त्यातले निम्मे खरे निघाले, याचे मला हसू आले. मग हसू राहिले नाही. नीट बसून वाच.

तो चौथरा आपल्याच घरचा आहे. जनीआजीचा, म्हणजे आपल्या बाबांच्या आईचा. ती गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, मी दहाची. माझे केस विंचरताना तिने मला हे कितीदा सांगितले. आधी ती रत्नागिरीस किल्ल्याखाली राहायची. तिचा पहिला नवरा गलबतावर होता. निघण्यापूर्वी त्याने चार दगड रचले आणि सांगितले की रोज संध्याकाळी इथे दिवा लाव, बंदरात शिरताना मला घर दिसेल. तिने तीन वर्षे दिवा लावला. गलबत आले नाही, फळीसुद्धा आली नाही. चौथ्या वर्षी नाट्याच्या धोंडूने विचारले. तिच्या मामाने पाठीशी उभे राहून हरकत नाही म्हटले, आणि ती इथे नांदायला आली. तो धोंडू आपला आजोबा.

आजी सांगायची की पहिला उंच होता, देखणा होता. दुसरा बुटका, पण बुटका रोज संध्याकाळी घरी यायचा.

बाबांना परमिटात, सरकारी जकातीवर, नोकरी लागली, अंगावर कोट आला, तेव्हापासून घरात हे बोलणे बंद झाले. मीही गप्प राहिले, तो माझा दोष. तू कोट बघत वाढलास. पण ती जळली असती तर तुझे बाबा नव्हते, तू नव्हतास, आणि तिच्या नावाने हार घालायलाही कुणी नव्हते. तिच्या रक्ताचा नातू तिलाच जळालेली सांगतो, आणि तेवढ्यासाठी तिच्या पणतीला बसवून ठेवतो, याला मी काय म्हणू?

कमळीला तुझ्या शाळेत पाठवणार नाही. मी थकले आहे, काशा. माझ्या मागे ती कुणाच्या दारात उभी राहील, एवढेच बघायचे राहिले आहे. यायचे तर माघात ये. नाही आलास तरी बहिणीची माया आटणार नाही, पण पाट मात्र लागणार नाही. मामाशिवाय इथली माणसे पाटाला उभी राहत नाहीत.

मथुरा

ता. क. मामा, मला भागोजी पसंत आहे. कुणी विचारले नाही म्हणून आपणहून लिहिते. – कमळी

•

रत्नागिरी,
ता. ४ फेब्रुवारी १९३५

तीर्थस्वरूप मथुराआक्कास धाकट्या काशीरामचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिले नाही. तुझे पत्र आल्यावर दोन खेपा मी चौथऱ्याशी न थांबताच माणसे पुढे नेली. तिसऱ्या खेपेस माणसांनीच अडवले की मास्तर, सतीचे सांगा. तेव्हा जनीआजीचे सांगितले, जसे तू लिहिलेस तसे. ती माझी आजी, आणि माझ्या भाचीचाही पाट आता ठरतो आहे, हेही सांगितले. एका बाईंनी वाहिलेले फूल उचलून परत पदराला बांधले. एक गृहस्थ म्हणाले की यासाठी इतकी चढण चढलो काय.

हरिहरपंत पुष्कळ रागावले. म्हणाले, खऱ्या हकिकती ऐकायला कुणी बोटीचा त्रास काढत नाही. पाटी ठरल्या दिवशी बसली. घराण्याचे नाव छिन्नीने काढून टाकले आहे, बाकी महासती आहे तशीच आहे. हार त्यांनी स्वतः घातला, मी मागे उभा होतो. आता लोकांना गाव दाखवायला दुसरा माणूस ठेवला आहे, तो सतीचे माझ्यापेक्षा चांगले सांगतो. मी जाऊन त्याला ती खोटी हकिकत सांगू नका म्हटले, तर मास्तर, तुम्हीच तर शिकवलीत, असे म्हणाला.

बाजारात दोन दिवस हसले. मास्तरांची सती पाटाची निघाली, असे एकाने ऐकू जाईल असे म्हटले. तिसऱ्या दिवशी सगळे तांदळाच्या भावाचे बोलू लागले. ज्याला मी इतका भ्यालो ते एवढेच होते.

एक राहिले, ते कमळीने नीट वाचावे. खरे सांगितले त्या दिवशी सगळे वर देवळाकडे गेले, पण पुण्याकडच्या एक आजीबाई मागे राहिल्या. विधवेचे लाल आलवण, डोक्यावरून पदर, सत्तरी उलटलेली. त्या चौथऱ्यावर बसल्या. मला त्यांनी विचारले की पाट लागला तेव्हा तुमच्या आजीचे वय काय होते. मी म्हटले, तेवीस-चोवीस असावे. त्या बराच वेळ बोटांची पेरे मोजत होत्या. कशाचे मोजले ते मी विचारले नाही. मग त्यांनी भाचीचे वय विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या की मग मास्तर, तुम्ही इथे आम्हाला दगड कसले दाखवत बसला आहात.

शुक्रवारच्या बोटीने मी आणि सौ. गंगा निघतो. जैतापूरला होडी पाठवावी. भागोजीस माझा नमस्कार सांग. पाठीशी मी उभा राहतो.

लोभाचे मागायला तोंड नाही, येऊन समोर मागेन.

तुझा,
काशा